परदेशात एमबीए कुठे करायचं? सुरुवात देशापासून नको, नोकरीपासून करा

बडोद्यात हा प्रश्न कायम एकाच पद्धतीने विचारतात, "कॅनडा बरं की यूके?" दांडिया बाजारात कुणाकडे सत्यनारायणाला जा नाहीतर मंडळाच्या कार्यक्रमाला जा, कुणीतरी काका मुलाला पुढे करतात आणि म्हणतात ह्याला फॉरेनला एमबीए करायचंय, कुठे पाठवू ते सांग. आणि घरातलं कुणी ना कुणी आधीच तिकडे असतं, आतेभाऊ टोरांटोला, मोठ्या काकांची सून लेस्टरला, त्यामुळे अर्धा निर्णय तर नातेवाईक कुठे राहतात त्यावरच झालेला असतो. नातेवाईक असणं चांगलंच आहे, पहिले पंधरा दिवस राहायची सोय होते, परक्या गावात कुणी आपलं असतं, पण पन्नास-साठ लाखांचा निर्णय तेवढ्यावर घेऊ नका अशी माझी कळकळीची विनंती आहे.

एमबीएत जे शिकवतात, म्हणजे फायनान्स, मार्केटिंग, ऑपरेशन्स, स्ट्रॅटेजी, ते पुस्तकातलं जगभर साधारण सारखंच असतं. मग एका ठिकाणी दहा लाख आणि दुसऱ्या ठिकाणी दोन कोटी का लागतात? फरक तीन गोष्टींत आहे. त्या कॅम्पसवर नोकरी द्यायला कोण येतं, तुमच्या शेजारी वर्गात कोण बसतं, आणि डिग्री हातात आल्यावर त्या देशात किती दिवस राहून नोकरी शोधायची परवानगी मिळते. म्हणून विचार उलटा करायचा, आधी तीन वर्षांनंतरची नोकरी डोळ्यासमोर आणायची, मग ती नोकरी कोणत्या शहरात मिळते ते बघायचं, मग तिथे भारतीय पासपोर्टवर राहता येतं का ते बघायचं, आणि सगळ्यात शेवटी कॉलेजचं नाव.

त्याच्याही आधी एक गोष्ट बघा, तुमची एमबीए करायची वेळ झालीये का. आपल्याकडे बी.कॉम. किंवा बीबीए झालं की लगेच एमबीए करायची सवय आहे, म्हणून बावीस वर्षांचं पोरगं तिकडेही लगेच एमबीएला जायला निघतं. पण चांगल्या बी-स्कूलमध्ये वर्गातल्या लोकांना सरासरी पाचेक वर्षांचा कामाचा अनुभव असतो, वय सत्तावीस-अठ्ठावीस असतं, आणि कंपन्या त्यांना मॅनेजर लेव्हलच्या पोस्टसाठी घेतात. शून्य अनुभवावर जे कॉलेज तुम्हाला आनंदाने एमबीएला घेतं, तिथे भरतीला येणाऱ्या कंपन्यासुद्धा बहुतेक तुम्हाला फ्रेशरच समजतात, म्हणजे फी मॅनेजरची आणि नोकरी फ्रेशरची. त्या वयासाठी वेगळा कोर्स आहे, मास्टर्स इन मॅनेजमेंट, लोक त्याला मिम म्हणतात, तो शून्य ते दोन वर्षं अनुभववाल्यांसाठीच असतो आणि युरोपात त्याला खूप मान आहे, एचईसी पॅरिस, लंडन बिझनेस स्कूल, स्वित्झर्लंडमधलं सेंट गॅलन ही त्यातली मोठी नावं. आणि कुणी खरंच हुशार फायनल इयरला असेल तर हार्वर्डचा टू प्लस टू सारखा डिफर्ड अॅडमिशनचा रस्ता आहे, म्हणजे अर्ज आत्ता करायचा, सीट मिळाली की ती राखून ठेवतात, आणि दोन ते चार वर्षं नोकरी करून मग जायचं. हे आपल्या एम.एस. युनिव्हर्सिटीतल्या पोरांना कुणी सांगतच नाही.

आता नोकरी कुठे मिळते ते. इथे बडोद्याच्या लोकांना एक फायदा आहे जो ते वापरत नाहीत. आपल्या शहराच्या आसपास काय आहे, कोयलीची रिफायनरी, पेट्रोकेमिकल, खत, फार्मा, ट्रान्सफॉर्मर आणि इलेक्ट्रिकलचं सामान, मकरपुरा आणि वाघोडियाचे इंजिनिअरिंगचे कारखाने. म्हणजे इथला सव्वीस वर्षांचा इंजिनिअर चार-पाच वर्षं प्लांटवर काम केलेला असतो, आणि तो अनुभव जगात काही ठराविक शहरांत सोन्यासारखा आहे. तेल आणि पेट्रोकेमिकल म्हटलं की ह्यूस्टन, तिथे राइस युनिव्हर्सिटीचं जोन्स स्कूल आहे, तिथून थोडं लांब ऑस्टिनला टेक्सास युनिव्हर्सिटीचं मॅककॉम्ब्स. कॅनडात तेच काम कॅलगरीत आहे, टोरांटोत नाही. फार्मा म्हटलं तर न्यू जर्सी, तिथलं रटगर्स सप्लाय चेन आणि फार्मा दोन्हींसाठी ओळखलं जातं आणि हार्वर्ड-व्हार्टनपेक्षा किती स्वस्त, किंवा मग स्वित्झर्लंडचं बाझल जिथे नोवार्टिस आणि रोशची मुख्य ऑफिसं आहेत. सप्लाय चेनसाठी मिशिगन स्टेट आणि अॅरिझोना स्टेट ही नावं कंपन्यांमध्ये चांगली चालतात. पण आपला केमिकल इंजिनिअर काय करतो, सगळ्यांनी सांगितलं म्हणून लंडनजवळच्या कुठल्यातरी युनिव्हर्सिटीत जनरल एमबीए घेतो, आणि मग तिथे कन्सल्टिंग आणि बँकेच्या नोकऱ्यांसाठी अशा लोकांशी स्पर्धा करतो ज्यांनी आधीची पाच वर्षं तेच काम केलंय.

उलट ज्याला खरंच फायनान्स करायचंय त्याला न्यूयॉर्क आणि लंडनला पर्याय कमी, टेकमध्ये प्रॉडक्ट मॅनेजर व्हायचं तर सिअॅटल आणि कॅलिफोर्निया, कॅनडातल्या बँका टोरांटोत, तिथे रॉटमन आणि शुलिक ही बी-स्कूल. जर्मनीत इंजिनिअरिंग कंपन्या भरपूर आहेत, मॅनहाइम आणि बर्लिनचं ईएसएमटी चांगलं आहे, शिकवतात इंग्लिशमध्ये, पण मॅनेजरची नोकरी मिळवायला जर्मन यावंच लागतं आणि साधं बोलण्यापुरतं नाही, मीटिंग चालवता येईल इतकं. ज्याची ती भाषा शिकायची तयारी नाही त्याने जर्मनी स्वस्त दिसतंय म्हणून जाऊ नये. शिवाय जर्मनीत शिक्षण फुकट असतं हे जे ऐकतो ते सरकारी युनिव्हर्सिटीच्या साध्या मास्टर्सबद्दल आहे, एमबीएला तिथेही बहुतेक ठिकाणी फी आहेच.

एक वर्षाचं की दोन वर्षांचं, हा प्रश्न लोक फक्त पैशाच्या हिशोबाने बघतात. अमेरिकेत साधारण दोन वर्षं, यूकेत ऑक्सफर्ड-केंब्रिज एक वर्ष, लंडन बिझनेस स्कूल ह्या दोन्हींच्या अधेमधे कुठेतरी, इन्सीड दहा महिने आणि त्याचे कॅम्पस फ्रान्समधल्या फाँतेनब्लोला आणि सिंगापूरला. एक वर्षाचा खर्च कमी आणि पगारही एकच वर्ष बुडतो हे खरंच आहे. पण दोन वर्षांच्या कोर्समध्ये मधल्या उन्हाळ्यात इंटर्नशिप असते, आणि जो माणूस लाइन बदलतोय, म्हणजे प्लांटवरून उठून कन्सल्टिंगला जायचंय, त्याच्यासाठी ती इंटर्नशिप म्हणजेच अर्धी नोकरी, कारण कंपनी तुम्हाला दहा आठवडे बघते आणि मग ऑफर देते. एक वर्षाच्या कोर्समध्ये तुम्ही सप्टेंबरला पोचता, अजून घर लावताय, थंडीचे कपडे घेताय, आणि तोपर्यंत कन्सल्टिंगवाल्यांचे अर्ज सुरू झालेले असतात. ज्याला त्याच क्षेत्रात वर जायचंय त्याला एक वर्ष पुरतं. ज्याला क्षेत्र, पोस्ट आणि देश तिन्ही एकदम बदलायचेत त्याला माझ्या मते दोन वर्षंच बरी, किंवा निदान इन्सीडचा जानेवारीचा बॅच, ज्यात उन्हाळ्यात इंटर्नशिपपुरती सुट्टी मिळते.

आता व्हिसा. हा भाग सगळ्यात किचकट आहे आणि दर वर्षी बदलतो, म्हणून एजंटने सांगितलं, भावाने सांगितलं ह्यावर न जाता त्या देशाच्या सरकारी साइटवर स्वतः वाचा.

अमेरिकेत डिग्रीनंतर ओपीटी मिळते, बारा महिने काम करायची परवानगी. कोर्स स्टेम, म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञान-इंजिनिअरिंग-गणिताच्या, यादीत असेल तर अजून चोवीस महिने, म्हणजे एकूण तीन वर्षं. आता बऱ्याच बी-स्कूलनी आपला पूर्ण एमबीए किंवा त्यातला एखादा ट्रॅक स्टेममध्ये बसवून घेतलाय, पण सगळ्यांनी नाही, आणि एकाच कॉलेजात एक ट्रॅक स्टेम आणि दुसरा नाही असंही असतं, म्हणून अॅडमिशन घेण्याआधी ईमेल करून लेखी विचारा. वाढीव दोन वर्षांसाठी कंपनी ई-व्हेरिफाय नावाच्या, कामाची परवानगी तपासायच्या सरकारी सिस्टीममध्ये असावी लागते, छोट्या स्टार्टअप कधीकधी नसतात. आणि ओपीटीच्या पहिल्या वर्षात नव्वद दिवसांपेक्षा जास्त बेकार राहता येत नाही, हे खूप जणांना तिकडे पोचल्यावर कळतं.

तीन वर्षांचं महत्त्व काय तर एच-१बीची, म्हणजे तिथल्या नोकरीच्या व्हिसाची लॉटरी. दर वर्षी ६५ हजार आणि अमेरिकेतून मास्टर्स केलेल्यांसाठी वेगळे २० हजार, अर्ज त्याच्या कितीतरी पट. तीन वर्षं असतील तर साधारण तीनदा नंबर लागायची संधी, एकच वर्ष असेल तर एकदाच. तो २० हजारांचा कोटा मिळायला कॉलेज सरकारी किंवा नॉन-प्रॉफिट असावं लागतं, नफ्यासाठी चालवलेल्या कॉलेजची डिग्री त्यात चालत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-१बी अर्जावर १ लाख डॉलर फी लावली तेव्हा आपल्याकडे घराघरात घबराट झाली होती, पण ऑक्टोबरमध्ये तिथल्या इमिग्रेशन खात्याने स्पष्ट केलं की अमेरिकेत आधीच विद्यार्थी म्हणून असलेला माणूस तिथूनच स्टेटस बदलत असेल तर ही फी लागत नाही. डिसेंबर २०२५ मध्ये अजून एक नियम आला, लॉटरीत जास्त वेज लेव्हलच्या, म्हणजे वरच्या पगारश्रेणीच्या नोकरीला जास्त संधी. चांगल्या एमबीएनंतर चांगला पगार असेल तर हे फायद्याचं आहे आणि कमी पगाराची कशीतरी मिळवलेली नोकरी असेल तर तोट्याचं. ग्रीन कार्डाचं मात्र स्वप्न बघू नका, भारतीयांच्या ईबी-२, म्हणजे मास्टर्सवाल्यांच्या रांगेत २०२५ साली २०१३ च्या तारखा चालू होत्या, म्हणजे बारा वर्षांपूर्वी रांगेत लागलेल्यांचा नंबर आता येतोय.

यूकेत ग्रॅज्युएट रूटवर, म्हणजे डिग्रीनंतर राहायच्या व्हिसावर, आत्ता दोन वर्षं मिळतात, पण १ जानेवारी २०२७ पासून जे अर्ज करतील त्यांना अठरा महिनेच मिळणार. सप्टेंबर २०२६ ला एक वर्षाच्या कोर्सला जाणारा मुलगा बरोबर त्या अठरा महिन्यांत येतो, हे इथल्या जाहिरातींत मोठ्या अक्षरात कुणी लिहीत नाही. त्यानंतर राहायचं तर स्किल्ड वर्कर व्हिसा, त्याची पगाराची मर्यादा जुलै २०२५ पासून सर्वसाधारणपणे ४१,७०० पौंड केली आहे, नव्याने लागणाऱ्यांना ती थोडी कमी आहे, ३३,४०० च्या आसपास. लंडनबाहेर साध्या नोकरीत इतका पगार सहज मिळत नाही. आणि लग्न झालेल्यांनी हे नीट वाचा, जानेवारी २०२४ पासून यूकेत एमबीएसारख्या, संशोधनाच्या नसलेल्या मास्टर्सला नवरा-बायको किंवा मूल सोबत नेता येत नाही. अमेरिकेत नेता येतं पण जोडीदाराला काम करता येत नाही. कॅनडात जानेवारी २०२५ पासून मास्टर्स निदान सोळा महिन्यांचं असेल तरच जोडीदाराला वर्क परमिट मिळतं, म्हणजे रॉटमनच्या दोन वर्षांच्या कोर्सला हो आणि एक वर्षाच्या कोर्सला नाही. अठ्ठाविसाव्या वर्षी, साखरपुडा झालेला असताना, ह्या एका ओळीवर देश बदलू शकतो.

कॅनडाबद्दल गुजरातेत जेवढा गैरसमज आहे तेवढा कशाबद्दलच नसेल. मास्टर्स केल्यावर तिथे तीन वर्षांपर्यंत वर्क परमिट मिळतं, कोर्स दोन वर्षांपेक्षा छोटा असला तरी, आणि २०२६ पासून सरकारी युनिव्हर्सिटीतले मास्टर्सचे विद्यार्थी स्टडी परमिटच्या कोट्यातून वगळले आहेत, ह्या चांगल्या गोष्टी. पण कॅनडाला गेलो की पीआर, म्हणजे कायमचं राहायची परवानगी, नक्की, हे दिवस गेले. पीआरच्या अर्जात नोकरीच्या ऑफरचे जे जास्तीचे पॉइंट मिळायचे ते मार्च २०२५ मध्ये काढून टाकले. खर्चासाठी दाखवायची रक्कम सप्टेंबर २०२५ पासून २२,८९५ कॅनेडियन डॉलर आहे, फी आणि प्रवास त्याच्यावर वेगळा. आणि खाजगी कॉलेजचा डिप्लोमा आणि युनिव्हर्सिटीचं एमबीए ह्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, नाव सारखं दिसतं म्हणून फसू नका.

बाकीचे देश थोडक्यात. ऑस्ट्रेलियात भारताशी झालेल्या व्यापार कराराखाली आपल्या मास्टर्सवाल्यांना तीन वर्षं मिळतात, पण वय ३५ पर्यंतच. आयर्लंडला दोन वर्षं. जर्मनीत नोकरी शोधायला अठरा महिने, जायच्या आधी आपली शिक्षणाची कागदपत्रं तपासून मिळणारं एपीएस सर्टिफिकेट आणि ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (ज्यातून दर महिन्याला ठराविकच पैसे काढता येतात) वर्षाचे ११,९०४ युरो. सिंगापूरला नोकरीच्या व्हिसासाठी कॉम्पास नावाची पॉइंटची पद्धत आहे, पगार, डिग्री, कंपनीत आधी किती तुमच्या देशाचे लोक आहेत हे सगळं मोजतात.

पैशाचा हिशोब आता, आणि हा मी आई-वडिलांनाही वाचायला सांगेन. अमेरिकेतल्या वरच्या स्कूलची नुसती फी वर्षाला पंचाहत्तर-ऐंशी हजार डॉलर, राहणं-खाणं-इन्शुरन्स धरून दोन वर्षांचे दोन लाख डॉलरच्या वर, म्हणजे ९० चा डॉलर धरला तर १ कोटी ८० लाख आणि पुढे. इन्सीडची फी एक लाख युरोच्या वर. ऑक्सफर्ड-केंब्रिजची सत्तर-ऐंशी हजार पौंडांच्या घरात. आता समजा स्कॉलरशिप मिळून, घरचे पैसे घालून तुम्ही ८० लाखांचं लोन घेतलं, व्याज ११ टक्के, दहा वर्षं. ईएमआय येतो साधारण १ लाख १० हजार रुपये महिना. ह्यात शिकतानाचं व्याज धरलेलं नाही, ते आधी भरलं नाही तर मुद्दलात चढतं. अमेरिकेत चांगली नोकरी लागली तर हे तीन-चार वर्षांत फिटतं. पण व्हिसा नाही मिळाला आणि परत यावं लागलं, इथे २५ लाखांचं पॅकेज मिळालं, हातात महिन्याला १ लाख ६०-७० हजार आले, तर त्यातले १ लाख १० हजार हप्त्यात गेले. उरले पन्नास-साठ हजार, अहमदाबाद किंवा पुण्यात भाड्याच्या घरात, कदाचित लग्न झालेलं. हे जमेल का? घरातल्या सगळ्यांनी बसून ह्या एका प्रश्नाचं उत्तर कागदावर लिहा. हो असेल तर बिनधास्त जा. नसेल तर कमी फीचं कॉलेज, जास्त स्कॉलरशिप, किंवा अजून एक-दोन वर्षं बचत. आई-बाबांचं मांजलपूरचं राहतं घर तारण टाकून जाताना हा कागद घरात असलाच पाहिजे.

रुपया खाली जातो हे पण धरा. २०१५ साली डॉलर ६४ च्या आसपास होता, २०२५ संपताना ९० ला लागला. दोन वर्षांच्या कोर्समध्ये दुसऱ्या वर्षाची फी तुम्ही तेव्हाच्या भावाने भरता, म्हणून लोन मंजूर करताना थोडी जास्त रक्कम मंजूर करून घ्या, उचलली नाही तर व्याज लागत नाही. बँकेच्या एज्युकेशन लोनमधून पैसे पाठवले तर एप्रिल २०२५ पासून टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक घेते तो कर, लागत नाही, स्वतःच्या खात्यातून वर्षाला १० लाखांच्या वर पाठवले तर लागतो, तो रिटर्नमध्ये वळता होतो पण तोपर्यंत अडकतो. इन्कम टॅक्समध्ये ह्या लोनच्या व्याजाची वजावट आठ वर्षं मिळते, पण फक्त जुन्या टॅक्स पद्धतीत. गुजरात सरकारच्या परदेश अभ्यासाच्या लोन योजना आहेत, १५ लाखांपर्यंत, ४ टक्के व्याजाने, त्यांना जात-वर्ग आणि घरच्या उत्पन्नाच्या अटी आहेत, आधी तिथे चौकशी करा आणि मगच प्रायव्हेट कंपनीच्या बारा-तेरा टक्क्यांकडे जा.

स्कॉलरशिपमागच्या अटी वाचायची सवय बडोद्याला तरी असायला हवी. सयाजीराव महाराजांनी १९१३ मध्ये बाबासाहेब आंबेडकरांना कोलंबियाला पाठवलं, महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं, आणि नंतर दहा वर्षं संस्थानची नोकरी करायची अशी अट होती. पुढे लंडनचं शिक्षण चालू असताना मुदत संपली आणि १९१७ मध्ये त्यांना ते अर्धं सोडून परत यावं लागलं, आणि इथे आल्यावर ह्या शहराने त्यांना राहायला जागाही दिली नाही, हे आपण विसरता कामा नये. आजच्या स्कॉलरशिपनाही अटी असतातच. ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंग स्कॉलरशिपवर यूकेत एमबीए करता येतं पण संपल्यावर दोन वर्षं भारतात राहावं लागतं. स्टॅनफर्डची रिलायन्स धीरूभाई फेलोशिप दर वर्षी जास्तीत जास्त पाच भारतीयांना मिळते आणि त्यांनाही भारतात येऊन दोन वर्षं काम करावं लागतं. ज्याला परत यायचंच आहे त्याच्यासाठी ह्या अटी म्हणजे ओझं नाहीच. आणि सगळ्यात जास्त पैसा तर बी-स्कूल स्वतःच देतात, ऑफर आल्यावर दुसऱ्या कॉलेजची स्कॉलरशिप दाखवून नम्रपणे वाढवून मागता येते, आपल्याकडची मुलं संकोचाने मागत नाहीत, मागा.

रँकिंग कसं बघायचं? फायनान्शियल टाइम्सच्या रँकिंगमध्ये पगाराला मोठं वजन आहे, आणि पगार ते क्रयशक्तीप्रमाणे बदलून घेतात, म्हणजे भारतात मिळणारा रुपयातला पगार डॉलरमध्ये खूप मोठा दिसतो. म्हणून दोन कॉलेजांचे पगाराचे आकडे शेजारी ठेवून थेट तुलना होत नाही. रँकिंगचा उपयोग साधारण गट कळण्यापुरता, विसाव्या आणि अठ्ठाविसाव्या नंबरात खरा फरक नसतो. एएसीएसबी, एएमबीए, इक्विस ह्या मान्यता आहेत का ते बघा, तिन्ही असतील तर बरं, पण तेवढ्याने नोकरी मिळत नाही.

खरी गोष्ट असते एम्प्लॉयमेंट रिपोर्टमध्ये, म्हणजे किती जणांना कुठे नोकरी लागली त्याच्या अहवालात. चांगल्या स्कूल दर वर्षी छापतात, कंटाळवाणा पीडीएफ असतो, पण वाचाच. आधी बघा की ९० टक्के लोकांना नोकरी लागली ते कितीपैकी, कारण जे नोकरी शोधत नव्हते असं लिहिलंय त्यांना हिशोबातून वगळतात. मग पास झाल्यावर तीन महिन्यांनंतरचा आकडा बघा. मग अमेरिकेच्या रिपोर्टमध्ये एक वेगळं कोष्टक असतं, कायमची कामाची परवानगी असलेले आणि नसलेले, म्हणजे त्यांचे नागरिक आणि आपल्यासारखे. दोन्हींतला फरक जिथे दोन-चार टक्के आहे तिथे आंतरराष्ट्रीय मुलांकडे लक्ष दिलं जातं, जिथे वीस टक्के आहे तिथे नाही. आणि जे कॉलेज असा रिपोर्ट छापतच नाही, नुसते हसऱ्या मुलांचे फोटो आणि कंपन्यांचे लोगो दाखवतं, तिथे मी माझ्या भाच्याला पाठवणार नाही.

अलकापुरीत, फतेहगंजला कन्सल्टंटची इतकी ऑफिसं आहेत, सगळे वाईट नाहीत, फॉर्म आणि व्हिसाच्या कागदांना काही जण खरंच चांगली मदत करतात. पण बऱ्याच युनिव्हर्सिटी एजंटला प्रत्येक अॅडमिशनमागे कमिशन देतात, आणि जगातल्या वरच्या बी-स्कूलना मुलं मिळवायला एजंट लागत नाही, तिथे अर्ज थेट करतात. म्हणून फुकट काउन्सेलिंगमध्ये तुम्हाला जी यादी मिळते त्यात ती नावं नसतातच. सरळ विचारा, ह्यातल्या कुठल्या कॉलेजकडून तुम्हाला पैसे मिळतात? प्रामाणिक माणूस सांगतो.

त्यापेक्षा लिंक्डइनवर त्या कॉलेजमधून गेल्या दोन वर्षांत पास झालेले भारतीय शोधा, आपल्याच क्षेत्रातले, आणि त्यांना छोटा मेसेज करा. दहा जणांना पाठवला तर तीन-चार उत्तर देतात. कॉलेज कसं आहे असं विचारू नका, सगळे छान आहे म्हणतात. विचारा की तुझ्या बॅचमधल्या भारतीयांपैकी किती जणांना त्या देशात नोकरी लागली, किती परत आले, तुझी नोकरी कॅम्पसवरून लागली की स्वतः शोधलीस, पहिली ऑफर कोणत्या महिन्यात आली. आणि जे परत आले त्यांच्यापैकी एकाचा नंबर मागा, त्याच्याशी अर्धा तास बोला, बाकी सगळ्यांपेक्षा त्याच्याकडून जास्त कळतं.

यादी करताना आपल्या इथलेही पर्याय शेजारी लिहा. आयआयएम अहमदाबाद आपल्यापासून दोन तासांवर आहे, त्यांचा पीजीपीएक्स चार वर्षांपेक्षा जास्त अनुभववाल्यांसाठी एक वर्षाचा आहे, आयएसबी, म्हणजे इंडियन स्कूल ऑफ बिझनेस, हैदराबाद-मोहालीला आहे. नोकरी शेवटी भारतातच करायची असेल तर परदेशातल्या मधल्या दर्जाच्या कॉलेजपेक्षा ह्या दोन्हींचं नाव भारतातल्या कंपन्यांत जास्त चालतं, हे माझं ठाम मत आहे.

वेळापत्रक साधारण असं. अमेरिका-युरोपच्या स्कूलचे अर्ज राउंडमध्ये असतात, पहिला सप्टेंबरच्या आसपास, दुसरा जानेवारीच्या सुरुवातीला, तिसरा मार्च-एप्रिल. तिसऱ्यात सीट आणि स्कॉलरशिप दोन्ही थोड्या उरतात, आणि व्हिसाला वेळ कमी पडतो, अमेरिकेच्या इंटरव्ह्यूला आपल्याला मुंबई कॉन्सुलेटला जावं लागतं आणि तारीख लगेच मिळेलच असं नाही. म्हणून पहिला किंवा दुसरा. जीमॅट ही प्रवेश परीक्षा, तो पेपर आता नवीन आहे, सव्वादोन तासांचा, स्कोअर २०५ ते ८०५, जुना ७०० म्हणजे नवा साधारण ६४५, तेव्हा कुणा दादाने सांगितलेला सातशेचा आकडा धरून बसू नका. तो पाच वर्षं चालतो, म्हणून नोकरीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीच देऊन ठेवला तरी चालतो. पहिल्या राउंडला अर्ज करायचा तर जुलैपर्यंत स्कोअर हातात हवा, निबंधांना निदान दोन महिने, आणि शिफारसपत्रासाठी साहेबांना ऑगस्टमध्येच सांगून ठेवा, गणपतीत आणि मग नवरात्रात बडोद्यात कुणीच हाताला लागत नाही.